दर्यो काय ग्रामपंचायतीचो?

किनाऱ्यावर पडलेलं प्लास्टिक कोणाचंच नसतं. कोणी ते उचलून पोत्यात भरलं की मात्र ते त्याचं झालं. मग ते कुठे ठेवायचं, कोणाच्या गाडीत घालायचं, कोणाच्या पैशाने न्यायचं, हे सगळं त्यानेच बघायचं. सरपंचांच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगत नाही. जेवण चांगलं असतं तिथे.

आमचं गाव सिंधुदुर्गात, समुद्राला लागून. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कातळ, मध्ये वाळूची लांबलचक पुळण आणि तिच्या पाठीमागे सुरूचं बन. महिला राखीव जागेवर मी थेट जनतेतून सरपंच झाले. प्रचारात समुद्राचा एक शब्दही मी उच्चारला नव्हता. पाखाडी, नळपाणी, स्मशानशेड, वाडीवरचे दिवे, एवढ्यावरच मतं मागितली होती. समुद्राचा विषय काढला तो रापणवाल्यांनी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, रापण, टाकणाऱ्यांनी. नारळी पौर्णिमेनंतर रापण टाकायला सुरुवात झाली आणि आठ-दहा जण थेट कार्यालयात आले. रापण ओढून झाली की मासळी निवडायची, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आता मासळीआधी वेफर्सची पाकिटं, तुटकी जाळी, बाटल्या निवडाव्या लागतात, त्यात वेळ जातो, ऊन चढतं, बांगडा मऊ पडतो आणि भाव उतरतो. पर्यावरण हा शब्द त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही. त्यांची तक्रार भावाची होती, आणि ती मला पटकन कळली.

तोवर गावात स्वच्छतेचं काम होत नव्हतं असं नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिन पाळतात, तसा आमच्याकडेही व्हायचा. कॉलेजची एनएसएसची मुलं बसने यायची, हातमोजे, टोप्या, नाश्ता, फोटो. पोती भरली जायची आणि सुरूच्या बनाच्या कडेला रचून ठेवली जायची. पुढे? पुढे काही नाही. कुत्री पोती फाडायची, वारा पाकिटं उडवायचा आणि पुढच्या उधाणाला निम्मा माल पुन्हा पाण्यात. मोहिमेचा फ्लेक्स तेवढा झाडाला बांधलेला राहायचा, आणि तोही प्लास्टिकचाच.

मुंबईत अफरोज शाह यांनी 2015 मध्ये वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला त्याचे व्हिडिओ आमच्या मुलांनी पाहिले होते. सरपंचबाई, आपण तसं करूया, असा आग्रह होता. माणसं जमवणं मला कठीण नव्हतं. पण मुंबईत मागे महापालिका असते, तिचे डंपर असतात. आमच्याकडे कचऱ्याची म्हणून गाडीच नव्हती. म्हणून मी ठरवलं की पोतं कुठे जाणार हे नक्की होईपर्यंत मोहीम घ्यायची नाही. गावात यावरून कुजबुज झाली. नवीन सरपंचबाईंना स्वच्छता नको आहे, इथपर्यंत.

मग कागदांचा फेरा सुरू झाला. भरतीच्या रेषेखाली ग्रामपंचायतीचा अंमल चालत नाही. बंदर आणि जेटी सागरी मंडळाकडे, जमीन महसूलकडे, झाडं वनवाल्यांकडे, होड्या मत्स्यव्यवसायकडे, प्रदूषण आणखी एका मंडळाकडे. प्रत्येक ठिकाणी मी अर्ज दिला. एका कार्यालयातून लेखी उत्तर आलं की सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कार्यालयात साहेबांनी आधी विचारलं, "सरपंच कुठे आहेत?" समोर मीच बसले होते. त्यांना माझे यजमान अपेक्षित होते. असले प्रसंग सगळ्याच बायका सरपंचांच्या वाट्याला येतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

या फेऱ्यात एक कागद मात्र कामाचा सापडला. केंद्राच्या 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी टाकलेली आहे. त्याआधी सगळा रोख शहरांवर होता. म्हणजे समुद्र आमचा नसला तरी गावात आलेलं प्लास्टिक आमचं. आमच्या ग्रामसेवकांनी यातून जी वाट काढली ती मला अजून आवडते. ठरावात ‘समुद्रकिनारा स्वच्छ करणे’ असं लिहायचंच नाही. ‘ग्रामपंचायत हद्दीत जमा झालेल्या प्लास्टिक कचऱ्याचे संकलन, वर्गीकरण व वाहतूक’ असं लिहायचं. पोतं पुळणीवरून उचलून रस्त्यावर आलं की ते हद्दीत जमा झालं! त्या एका वाक्यावर आमचं सगळं काम उभं आहे.

पैशाचं गणित त्याहून मजेशीर. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात, 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत मिळतात. आमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे झाले दीड लाख. गावच्या चुलीपाशी तयार होणाऱ्या कचऱ्याला ते पुरतीलही. पण आमच्या कचऱ्यातला मोठा वाटा आमच्या माणसांनी केलेलाच नाही. तो खाडीतून येतो, बोटींवरून येतो, ओळखू न येणाऱ्या लिपीतली लेबलं घेऊन येतो. जनगणनेत समुद्र मोजलेला नाही, त्यामुळे त्याच्या नावाचे 60 रुपयेही येत नाहीत. उरला पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. त्यातले 60 टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करावे लागायचे. त्यातून शेड आणि तीनचाकी गाडी बसवायची, असा प्रस्ताव मी ग्रामसभेत ठेवला.

ग्रामसभा तापली. वरच्या वाडीवर मे महिन्यात टँकर येतो आणि तुम्ही दर्याच्या कचऱ्याला शेड बांधता, हा प्रश्न रास्तच होता. पाण्याचे पैसे वेगळे आणि स्वच्छतेचे वेगळे, एकाचे दुसरीकडे वळवता येत नाहीत, हे समजावताना घसा बसला. मागच्या रांगेतून एक म्हातारे उठले. "दर्यो काय ग्रामपंचायतीचो?" सगळे हसले. माझ्याच भावकीतल्या एका काकींनी घरी जाताना हात धरून सांगितलं, "बाय, कचरो उचलून मतां गावनत नाय." त्या स्वतः दोनदा सदस्य होत्या, त्यांना अनुभव दांडगा. प्रस्ताव थोडक्यात पास झाला, तो रापणवाले झाडून सगळे आले होते म्हणून.

शेड बांधण्याआधी आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. तिथल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना जुन्या डंपिंगच्या जागेचं रूप पालटलं, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कचराडेपो बघायला सहल जाते म्हणजे काय, ते तिथे कळतं. नाकाला रुमाल लावावा लागत नाही. आमच्या बचत गटाच्या बायका यंत्रांपेक्षा बघत होत्या ते खण. प्रत्येक प्रकाराला वेगळी जागा. "हे तर आपल्या कडधान्यांच्या डब्यांसारखं," एकजण म्हणाली, आणि आमच्या शेडचा आराखडा त्या वाक्यावर झाला. इंजिनिअरने एक मोठी मोकळी खोली काढून दिली होती, ती आम्ही खणांची करून घेतली.

पण वेंगुर्ल्याला घरातला कचरा येतो, आमच्याकडे समुद्रातला. फरक पहिलं पोतं ओतल्यावर कळला. ताडपत्रीवर ते उलटं केलं तेव्हा आधी पडली वाळू. पोत्याच्या वजनातली निदान पाव भाग वाळूच असावी. मग हिरव्या आणि भगव्या दोरीचा एक गुंता, त्यात नायलॉनची तंगूस, त्यात शिंपले, त्यात कुजलेला खेकडा. एका पायाच्या चपला, कायम एकाच पायाच्या, जोडी कधी मिळत नाही. सलाईनची बाटली, टूथब्रश, लायटर, गुटख्याच्या पुड्यांच्या अखंड माळा, थर्माकोलचे साबुदाण्याएवढे दाणे आणि एक शाबूत ट्यूबलाइट. ती फुटली कशी नाही हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. काही बाटल्यांना डांबराचे गोळे चिकटलेले. ते हाताला लागले की खोबरेल तेलाशिवाय निघत नाहीत, म्हणून तेलाची बाटली आता शेडच्या सामानाच्या यादीत आहे आणि लेखापरीक्षणात तिच्यावर शेराही आहे.

वर्गवारीचं शास्त्र आम्ही हळूहळू शिकलो. पाण्याच्या बाटल्या आणि जाड डबे भंगारवाला नेतो, आनंदाने. ट्रॉलरचं जाळं बहुतेक पॉलिथिनचं, दोर पॉलिप्रोपिलिनचे, होडीवाल्यांची बारीक जाळी नायलॉनची. ही एकत्र राहिली तर कवडीमोल, सोडवली तर गिऱ्हाईक मिळतं. सोडवणं मात्र जिवावर येतं. कोयता दोरीवरून घसरतो. शेवटी एका खलाशाने जाळी विणणाऱ्याची सुरी आणून दिली आणि ओल्या दोरीला ताण देऊन कसं कापायचं तेही दाखवलं.

वेफर्सची, बिस्किटांची चकचकीत पाकिटं भंगारवाला हातात धरत नाही. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेले असतात, ते वेगळे होत नाहीत. ती सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. आमची पाकिटं तिथेही परत आली, कारण मीठ. मिठातला क्लोरीन भट्टीला चालत नाही. धुवून द्या, असा निरोप आला. मे महिन्यात, टँकरच्या गावात, प्लास्टिक धुवायला गोडं पाणी? ग्रामसभेत मला कोणी जिवंत ठेवलं नसतं. उपाय काढला तो बचत गटाच्या अध्यक्षांनी. पाकिटं मेपर्यंत तशीच साठवायची आणि पहिल्या पावसात शेडच्या पागोळ्यांखाली जाळ्याच्या पिशव्यांत भरून टांगायची. पाऊस फुकट धुऊन देतो. वाळायला मात्र ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे आमच्या पाकिटांचा हिशेब वर्षातून एकदाच होतो, भातासारखा.

एवढं होऊनही आम्ही टोकाशीच काम करत होतो. पाण्यात असलेल्या कचऱ्याचं काय? इथे मला केरळचा दाखला कामी आला. तिथल्या तेव्हाच्या मत्स्यव्यवसाय मंत्री जे. मर्सिकुट्टी अम्मा यांनी 2017 मध्ये कोल्लम जिल्ह्यात ‘शुचित्व सागरम’ ही योजना सुरू केली. जाळ्यात येणारं प्लास्टिक परत पाण्यात न टाकता बोटीवर ठेवायचं, बंदरावर आणून द्यायचं, तिथे बायका ते निवडणार, यंत्रात बारीक होणार आणि डांबरात मिसळून रस्त्याला जाणार. मंत्रीबाई मूळच्या त्याच भागातल्या. मत्स्यव्यवसाय, बंदर आणि स्वच्छतेची खाती त्यांना एका टेबलाशी बसवता आली, कारण त्या मंत्री होत्या. मी सरपंच. माझ्या शब्दावर फार तर तलाठी येतो, तोही शनिवार नसेल तर.

तरी जेटीवर बैठक घेतली. बोटींचे मालक, तांडेल म्हणजे होडीचे प्रमुख, खलाशी, सगळ्यांना चहा. मी केरळचं सांगितलं. एक ज्येष्ठ तांडेल शांतपणे म्हणाले, "वयनी, जाळ्यात गावला तां आमी परत दर्यात टाकतंव. होडयेत ठेवूक जागा खंय?" खोटं बोलले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. मोठ्या जहाजांना समुद्रात प्लास्टिक टाकायची बंदी 1988 पासून आहे, मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने. तो कागद मी पिशवीत घेऊन गेले होते. बाहेर काढला नाही. चार माणसांच्या होडीवर मासळी, बर्फ, जाळं आणि माणसं यांनाच जागा पुरत नाही, तिथे करार काय वाचून दाखवायचा?

बक्षीस द्यावं का, किलोमागे काही द्यावं का, यावर बरीच चर्चा झाली. पैसे नव्हतेच, त्यामुळे ती लवकर मिटली. मग त्याच तांडेलांनी अट घातली. "पोतां येळार उचलशात तर आमी भरून हाडू." जेटीवर ठेवलेलं पोतं त्याच दिवशी उचललं गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते तिथेच दिसलं, की तिसऱ्या दिवशी कोणी आणणार नाही. मला ही अट केरळच्या सगळ्या योजनेपेक्षा महत्त्वाची वाटली. आम्ही त्यांना जाळ्याचीच, पाणी निथळणारी पोती दिली, आणि तीनचाकीची वेळ होड्या लागायच्या वेळेला बांधली. होड्या पहाटे लागतात. पहाटे गाडी चालवायला माणूस मिळवणं हे त्या वर्षातलं माझं सर्वांत अवघड राजकीय काम होतं. मिळाला तो माझ्या विरोधात उभ्या राहिलेल्या पॅनलमधला. अजून तोच चालवतो आणि अजून मला मत देणार नाही असं तोंडावर सांगतो.

पुढे बोटींवर पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी मोठे जार जाऊ लागले. याचं श्रेय मला नको, बाटल्या महाग पडतात म्हणून ते झालं.

दुकानदारांचं प्रकरण मात्र सरळ गेलं नाही. राज्याची प्लास्टिकबंदी 23 मार्च 2018 ची. पहिल्या वेळी 5000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 10000, तिसऱ्या वेळी 25000 आणि तुरुंगवासही. देशभरातली एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासूनची. कायदा आहे, पण गावात दंडाची पावती फाडायची म्हणजे ज्याच्या घरी गणपतीत आरतीला जायचं त्याचीच फाडायची. आम्ही नोटिसा दिल्या. पातळ पिशव्या काउंटरवरून काउंटरखाली गेल्या. पर्यटकांच्या हंगामात त्या पुन्हा वर येतात. होमस्टेवाल्यांनी मात्र ऐकलं, कारण घाणेरड्या पुळणीचे फोटो इंटरनेटवर आले की त्यांचं बुकिंग जातं. धंद्याशी जोडलं की बोलावं लागत नाही, एवढं मी यातून घेतलं.

रस्त्याचंही सांगते, कारण त्याबद्दल सगळे विचारतात. डांबरात प्लास्टिक घालायची पद्धत मदुराईच्या आर. वासुदेवन यांनी विकसित केली, त्यासाठी त्यांना 2018 मध्ये पद्मश्रीही मिळाली. साधारण 160-170 अंशाला तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की तो वितळून खडीला बसतो, वर डांबर. डांबराच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास प्लास्टिक जातं. ऐकायला सोपं. पण आमच्या ठेकेदाराला चुरा कोरडा हवा, एका मापाचा हवा आणि पीव्हीसी अजिबात नको. नायलॉनही चालत नाही, ते त्या उष्णतेला वितळतच नाही. निवडून निवडून हातात जे उरलं ते एका वाडीच्या अंतर्गत रस्त्याच्या तुकड्याला कसंबसं पुरलं. तो तुकडा चांगला टिकला आहे. पण समुद्राच्या सगळ्या प्लास्टिकचे रस्ते होतील असं कोणी भाषणात म्हणालं तर त्याला आमच्या शेडमध्ये आणा, जाळ्यांचा खण दाखवते. तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र, 16 लाखांपर्यंत निधी, अशी तरतूद आहे. तसं केंद्र पूर्ण ताकदीने चाललं तर आमच्यासारख्यांना यंत्र घेत बसावं लागणार नाही. गावोगाव प्लास्टिकचा चुरा करणारे श्रेडर वाटण्यापेक्षा गावोगाव गाडी द्यावी, असं माझं मत आहे. श्रेडरचं उद्‌घाटन होतं, डिझेलचं होत नाही, त्यामुळे पहिलंच मिळतं.

थर्माकोलला अजून कोणी वाली नाही. वजन नाही, जागा खातो, गाडीभर नेला तरी भाडं निघत नाही. एक आख्खा खण त्याने भरला आहे. मासळीच्या पेट्यांचा थर्माकोल मुळात येऊच नये यासाठी बर्फवाल्यांशी बोलणं चालू आहे, त्यात अजून तरी यश नाही.

आता लक्ष खाडीच्या वरच्या अंगाला आहे. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की नदी आठ महिन्यांचा कचरा एका रात्रीत खाली आणते. वरच्या तीन गावांच्या सरपंचांना मी भेटले. एकाने विचारलं, "आमच्याकडे समुद्र खंय आसा?" मी म्हटलं, समुद्र नाही, पण पूल आहे. पुलाच्या खांबांना आडवा दोर बांधून त्याला बोया आणि जुनं जाळं लावायचं, तरंगत येणारं तिथेच अडवायचं, असा बेत आहे. बोया आणि जाळं आमच्या खणांतलं फुकट देऊ, माणसं त्यांनी द्यायची. पुराच्या जोराने दोर तुटेल असं त्यांच्या ग्रामसेवकाचं म्हणणं आहे, आणि आमच्या तांडेलांचं म्हणणं आहे की गाठ त्यांनी बांधली तर तुटणार नाही. अडलेलं प्लास्टिक कोणाच्या हद्दीत धरायचं यावर बोलणी अडली आहेत, कारण पूल बरोबर दोन गावांच्या शिवेवर आहे. पुढची बैठक मृगाच्या आधी लावली आहे, ठरावाचा मसुदा आमच्या ग्रामसेवकांनी तयार ठेवला आहे.